नको म्हणजे नकोच: साताऱ्याची ताई, जर्मनीतली दोन घरं आणि माझं चुकलेलं एक वाक्य

नोव्हेंबर 2023 चा शेवटचा आठवडा. रात्री पावणेअकराला साताऱ्याहून फोन आला तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण फोन माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबांचा होता, ते बँकेतले आणि नऊच्या पुढे कुणाला फोन करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. म्हणाले, "मॅडम, त्या लोकांनी हिला ठेवून घ्यायला नकार दिलाय. मी तिकीट बघतोय परतीचं. तुमचं काय म्हणणं?" मागून आजी म्हणत होत्या, मी आधीच सांगितलं होतं. (प्रत्येक घरात कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं.)

मी पुण्यात जर्मन शिकवते, बरेचसे क्लास ऑनलाइन, आणि दरवर्षी माझ्याकडची दोनतीन मुलं एक्सचेंज इयरला जर्मनीला जातात. ही त्यातलीच एक, वय सोळा. तिची आणि आईबाबांची परवानगी घेऊन लिहितेय. धाकटा भाऊ ताई म्हणतो म्हणून इथे आपणही ताईच म्हणू. संस्थेचं, शाळेचं, गावाचं नाव लिहीत नाही, त्याने काही बिघडत नाही, कारण जे झालं ते कुठेही होऊ शकतं आणि त्यात माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पंधरा ते अठरा वयाची मुलं दहा-अकरा महिने परदेशात एखाद्या कुटुंबात राहतात आणि तिथल्या शाळेत जातात. आपल्याकडे रोटरी, एएफएस अशी नावं ऐकलेली असतात. वायएफयू नावाची संस्था तर 1951 साली जर्मन पोरांना अमेरिकेत घरोघरी ठेवण्यापासून सुरू झाली, युद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती, कालच्या शत्रूची मुलं आपल्या घरात ठेवायची ही कल्पनाच केवढी धाडसाची. या संस्थांमध्ये होस्ट फॅमिलीला पैसे मिळत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडचे पालक सर्रास "पेइंग गेस्ट" समजून बोलतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ते कुटुंब खोली, जेवण, वेळ सगळं स्वतःच्या खिशातून देतं, का, तर त्यांना घरात एक मूल हवं असतं म्हणून.

ताईचा दहावीचा निकाल 2 जूनला लागला, मार्क उत्तम. आजोबांचं एकच, अकरावी वाया जाणार. ते खरंच होतं, वर्ष जातं, ते मान्य करूनच पाठवावं लागतं. कागदपत्रांचं काही सांगत बसत नाही, फक्त एक गंमत. जर्मनीत 1 मार्च 2020 पासून गोवरच्या लशीचा कायदा आहे, दोन डोस झाल्याचा पुरावा असल्याशिवाय शाळेत बसता येत नाही. ताईचं लसीकरणाचं कार्ड 2007 चं, निम्मं डॉक्टरांच्या अक्षरात आणि निम्मं वरणाच्या डागात. एक डोस स्पष्ट दिसत होता, दुसरा कुणालाच वाचता येईना. शेवटी पुन्हा टोचून घेतलं आणि नवीन सर्टिफिकेट केलं. जाणाऱ्यांनी हे जुलैपर्यंत ठेवू नका.

तिला मिळालं ओस्टफ्रिसलँड. म्हणजे जर्मनीचा वायव्य कोपरा, नीडरझाक्सन राज्य, पलीकडे लगेच हॉलंड. जमीन अशी सपाट की तिकडचेच लोक चेष्टा करतात, रविवारी येणारा पाहुणा बुधवारीच दिसायला लागतो. यवतेश्वर आणि अजिंक्यतारा बघत मोठी झालेली मुलगी, तिला पहिले आठ दिवस कुठे बघावं तेच कळेना. सकाळ असो रात्र असो लोक "मोइन" म्हणतात. जवळचं मोठं गाव लेअर, शाळा तिथेच, गिम्नाझियुम, म्हणजे पुढे विद्यापीठात जाणाऱ्या मुलांची शाळा, दहावीचा वर्ग. म्हणजे दहावी करून पुन्हा दहावी.

पहिलं घर लेअरपासून नऊ किलोमीटरवर. होस्ट आई, होस्ट बाबा, तेरा वर्षांचा मुलगा. त्यांची स्वतःची मुलगी त्याच वर्षी अमेरिकेला एक्सचेंजवर गेलेली आणि ताईला तिचीच खोली दिली, भिंतीवर तिचे फोटो तसेच. आपलं मूल गेलं की रिकाम्या खोलीत दुसऱ्याचं ठेवायचं, हे फार कॉमन आहे आणि मला ते कधीच पटलेलं नाही, पण ते नंतर.

पहिली संध्याकाळ. साडेसहाला आबेंडब्रोट, म्हणजे शब्दशः संध्याकाळचा ब्रेड. प्रवासातून आलेली, पोटात कावळे, आणि टेबलावर काय तर काळपट ब्रेडच्या चकत्या, तीन प्रकारचं चीज, काकडी, टोमॅटो, बटर, बाकीच्यांसाठी सॉसेज. काही गरम नाही. फॉर्मवर तिने शाकाहारी लिहिलं होतं, अंडं चालेल असं. तिने एक चकती घेतली, चीज लावलं, खाल्ली. होस्ट आईने विचारलं, अजून घेतेस? ताई म्हणाली, "नाइन, डांके." नको, थँक्यू. होस्ट आईने मान डोलावली आणि ब्रेडची टोपली उचलून नेली.

ताई मला नंतर सांगत होती, मी टोपलीकडे बघत राहिले मॅडम, मला वाटलं आता परत विचारतील. आपल्याकडे कसं असतं? पहिलं नको हे नुसतं संस्कार म्हणून, दुसरं नको लाजून, तिसऱ्या वेळी वाढणारी ऐकतच नाही, पोळी पानात पडलेलीच असते. पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणणारं पोर म्हणजे हावरट, त्याच्या आईने काही शिकवलं नाही. आणि तिथे पहिलं नको हेच शेवटचं नको. त्यावर पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याचं म्हणणं ऐकलंच नाही असं होतं, ते उद्धट. दोन्ही बाजू सभ्यपणेच वागत होत्या आणि पोरगी उपाशी झोपली.

उपाशी म्हणजे अगदी उपाशी नाही, बॅगेत आईने दिलेला चिवडा, चकल्या, शेंगदाण्याचे लाडू होते. ते ती रात्री खोलीत दार लावून खायची. तीन आठवड्यांनी होस्ट आईला कचऱ्यात रिकाम्या पिशव्या दिसल्या. (तिकडे कचरा वेगळा करावा लागतो, प्लास्टिक पिवळ्या पिशवीत, ओला वेगळा, कागद वेगळा, त्यामुळे कोण काय खातं ते घरात लपत नाही.) तिने विचारलं, तुला आमचं जेवण आवडत नाही का? ताई घाबरून म्हणाली, नाही नाही, खूप आवडतं. बाईंनी परत ऐकलं तेच धरलं. आवडतं ना, मग लपून का खाते? म्हणजे ही खरं बोलत नाही.

आता माझा वाटा. ए-टू च्या, म्हणजे जर्मनच्या दुसऱ्या पातळीच्या बॅचमध्ये मी शिकवलं होतं की "मला काहीही चालेल" याला जर्मनमध्ये म्हणायचं "मिअर इस्ट एगाल". व्याकरण बरोबर. पण नुसतं तोंडावर असं म्हटलं की त्याचा अर्थ जातो "मला काय फरक पडतो" किंवा "तुमचं तुम्ही बघा" याकडे. पोहायला जायचं की सायकलवर? एगाल. पिझ्झा की नूडल्स? एगाल. तेरा वर्षांच्या पोराने विचारलं, माझ्याबरोबर गेम खेळतेस का? एगाल. ही बिचारी घरातल्यांना त्रास नको म्हणून सगळं त्यांच्यावर सोपवत होती आणि समोरच्यांना दिवसातून पाच वेळा ऐकू येत होतं की आम्ही हिच्या खिजगणतीतही नाही. दहा वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहीत होते. एकाही मुलाने परत येऊन सांगितलं नाही, कदाचित त्यांनाही कळलं नसेल लोक गप्प का होतात ते.

ऑक्टोबरात लेअरला गाल्लीमार्क्ट भरतो, मोठी जत्रा, 1508 पासूनची, पाळणे वगैरे. होस्ट भावाने विचारलं येतेस का मित्रांबरोबर. तिने मनात हिशोब केला, पाळण्याचे पैसे ते देणार, उगाच खर्च, म्हणाली नको. आणि वाट बघत बसली की परत विचारेल. तो सायकल काढून गेलासुद्धा. जत्रेचे दिवे खिडकीतून दिसत नव्हते पण आकाशात उजेड दिसत होता असं तिने मला सांगितलं, तेव्हा मात्र माझ्या पोटात कालवलं.

या सगळ्यात रोजचा एक व्हिडिओ कॉल. शाळेतून अडीचपर्यंत घरी, चार वाजता, म्हणजे इथे साडेसातला, साताऱ्याला कॉल, दीड तास, दार बंद. आई स्वयंपाक करताना फोन डब्याला टेकवून ठेवायची, त्यामुळे ताई तासभर साताऱ्याच्या किचनमध्येच बसलेली असायची म्हणा ना. सगळ्या संस्था सांगतात की घरी फोन कमी करा, आठवड्यातून एकदा वगैरे. आपल्याकडे कुणी ऐकत नाही. मी पण फार जोर दिला नव्हता, आईला कोण सांगणार.

दिवाळीचं प्रकरण

12 नोव्हेंबर, रविवार, लक्ष्मीपूजन. ऑक्टोबरात होस्ट आईने विचारलं होतं, तुमचा तो दिव्यांचा सण कधी असतो? ताईने सांगितलं, नोव्हेंबरमध्ये. आणि थांबली. पुढचा प्रश्न येईल याची वाट बघत. काय करता, काय खाता, आपल्या घरात करूया का, असं काहीतरी. पुढचा प्रश्न आला नाही, कारण होस्ट आईच्या हिशोबाने चेंडू आता ताईच्या कोर्टात होता, हिला सांगायचं असेल तर ही सांगेल.

रविवारी पावणेपाचलाच अंधार पडला. तिने सुपरमार्केटमधून आणलेल्या छोट्या मेणबत्त्या खिडकीच्या कट्ट्यावर लावल्या, पाटासारखं पुस्तक ठेवून त्यावर मोबाइलमध्ये लक्ष्मीचा फोटो, आणि बॅगेतून उदबत्तीचा पुडा काढून दोन उदबत्त्या लावल्या. दार बंद, खिडकी बंद, बाहेर थंडी. वर छताला राउखमेल्डर, धूर ओळखणारा तो पांढरा डबा, नीडरझाक्सनमध्ये झोपायच्या प्रत्येक खोलीत कायद्याने लावावाच लागतो. तो असा काही किंचाळला की होस्ट बाबा दोन दोन पायऱ्या गाळत वर आले, खुर्चीवर चढून त्यांनी तो उपटून काढला, बॅटरी बाहेर, आणि मग त्यांना ते दिवे दिसले.

ते आगीवरून चिडले असं ताईला वाटलं. त्यांनी नंतर जे लिहिलं त्यात आगीचा उल्लेख एका ओळीत आहे. बाकीचा राग याचा की सण होता तर आम्हाला का नाही सांगितलंस? आम्ही खाली टीव्ही बघत बसलो होतो आणि वर तू एकटीने सण केलास, आमच्या घरात, आमच्यापासून लपवून. त्या संध्याकाळी होस्ट आई रडली म्हणे. ताई पण रडली, वेगळ्या मजल्यावर.

दोन आठवड्यांनी त्यांनी संस्थेला मेल केली. ही मेल मला ताईने नंतर दाखवली म्हणून नीट सांगू शकते. भाषा कुठेही वाईट नाही. म्हणणं असं की ती आमच्याशी बोलत नाही, विचारलं की सगळं तिला सारखंच असतं, जेवण आवडत नसावं पण सांगत नाही, तीन वेळा आम्ही स्पष्ट सांगितलं की संध्याकाळी खाली येऊन बसत जा, तिन्ही वेळा ती हो म्हणाली आणि काहीच बदललं नाही. आणि शेवटी असं की आम्हाला पाहुणी नको होती.

मी ताईला विचारलं, तीन वेळा खरंच सांगितलं होतं? म्हणाली, हो, म्हणाले होते, पण मॅडम मला वाटलं असंच म्हणतायत. या या, बसा बसा, एकदा जेवायलाच या, असं आपण जसं म्हणतो तसं. म्हणजे बघा, तिच्या "नको"ला त्यांनी खरं धरलं आणि त्यांच्या "ये"ला तिने खोटं धरलं. साताऱ्यात सगळ्यांनी निदान केलं ते जेवणाचं, शाकाहारी मुलगी, ब्रेड खाऊन कशी राहणार. संस्थेच्या इकडच्या माणसानेही फाइलवर तसंच लिहिलं. ती ब्रेडला सरावली होती हो. अडचण ब्रेडची नव्हतीच, कुणीतरी दुसऱ्यांदा विचारण्याची ती तीन महिने वाट बघत होती.

तिच्या आईचं म्हणणं वेगळं आहे आणि ते इथे आलं पाहिजे. त्या म्हणतात, सोळा वर्षांची पोर, परका देश, परकी भाषा, समजून घ्यायची जबाबदारी मोठ्यांची की लहानाची? मला निम्मं पटतं. स्वतःच्या मुलीच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या घराने दुसरी मुलगी आणून तिने आल्या आल्या घरातली व्हावं ही अपेक्षा जरा जास्तच होती. तिकडचा मदतनीस, बेट्रॉयर म्हणतात त्याला, कॉलेजातला पोरगा, स्वतः ब्राझीलला एक्सचेंज करून आलेला, मनाने फार चांगला, पण तो ताईला पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटला ऑक्टोबरात. आणि आपल्याकडच्या ओरिएंटेशनमध्ये बर्लिनची भिंत, दोन जर्मनी, सोळा राज्यं यावर तीन तास आणि स्वयंपाकघरावर दहा मिनिटं. आता त्या पोरीचा बर्लिनच्या भिंतीशी रोज कुठे संबंध येणार होता?

त्या रात्री बाबांना मी एवढंच म्हटलं, तिकीट काढू नका, आधी तिला विचारा तिला काय हवंय. ते म्हणाले, तिला काय विचारायचं, ती म्हणते तुम्ही म्हणाल तसं. मी म्हटलं, तेच तर.

होस्ट फॅमिली बदलणं ही काही शिक्षा नसते, बऱ्याच मुलांची बदलते, रोटरीत तर वर्षभरात दोनतीन घरं हा नियमच असतो. पण आपल्याकडे "घरातून काढली" असंच ऐकू येतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती लेअरमध्येच एका आजींकडे गेली. वय सत्तरच्या आसपास, एकट्या, नवरा वारलेला, मुलगी दोन गल्ल्या सोडून. तात्पुरती सोय म्हणून, पंधरा दिवसांसाठी.

आणि इथे एक गोष्ट झाली ती मी गेले दोन वर्षं प्रत्येक बॅचला सांगतेय.

ओस्टफ्रिसलँडचे लोक चहा पितात. म्हणजे असे पितात की माणशी वर्षाला 300 लिटरच्या आसपास, आणि त्यांच्या चहाची ही पद्धत 2016 पासून जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. चहा बराचसा आपला आसामचाच. कपात आधी खडीसाखरेचा जाड खडा, क्लुंट्ये म्हणतात, त्यावर कडक गरम चहा ओतला की खडा तडतडतो, तो आवाज आला पाहिजे. मग कपाच्या कडेने छोट्या पळीने साय सोडायची, ती खाली जाऊन ढगासारखी वर येते. ढवळायचं नाही. ढवळलं तर आजी बघतात. आधी सायीचा घोट, मग कडू, तळाशी गोड. ताईला पहिल्या दिवशी तो चहा आवडला, कप रिकामा केला, आजींनी न विचारता परत भरला. तोही प्यायली. परत भरला. ती खुश, शेवटी कुणीतरी न विचारता वाढतंय! चौथा भरला, पाचवा भरला. सहाव्याला तिच्या पोटात डुचमळायला लागलं, नाइन डांके म्हणाली तरी आजींनी किटली वाकडी केलीच. मग आजी हसायला लागल्या आणि त्यांनी स्वतःचा चमचा उचलून स्वतःच्या कपात उभा ठेवला. बस्स. चमचा कपात ठेवला की संपलं, नाहीतर यजमान ओततच राहणार, आणि तीन कपांच्या आत चमचा ठेवणं हा यजमानाचा अपमान.

म्हणजे आग्रह होता. जर्मनीत होता, फक्त चहापुरता आणि फक्त त्या कोपऱ्यात, आणि त्यातून सुटायची खूण ठरलेली होती. ताईने आजींना विचारलं (हे तिचं पहिलं स्वतःहून विचारलेलं वाक्य, तिने मला तारखेसकट सांगितलंय, 6 डिसेंबर, निकोलाउसचा दिवस, दाराशी बुटात चॉकलेट ठेवलेलं होतं), की ब्रेडसाठी असा चमचा आहे का? आजींना आधी कळलंच नाही. मग तिने तुटक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं, तीन वेळा विचारण्याचं, टोपली उचलून नेल्याचं, चकल्यांचं, जत्रेचं. आजी म्हणाल्या, पोरी, हे तू तिकडे का नाही सांगितलंस? मग त्यांनी ठरवलं की पहिला महिना आजी प्रत्येक गोष्ट तीनदा विचारतील, मोठ्याने मोजून, एक, दोन, तीन, आणि ताई तिसऱ्याला खरं काय ते सांगेल. दुसऱ्या महिन्यात दोनदा. फेब्रुवारीत एकदाच. चेष्टाच होती ती, पण पंधरा दिवसांची सोय जूनपर्यंत टिकली.

घरचा कॉल रविवारी एकदा, हे ताईने स्वतः आईला सांगितलं. आई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हत्या, त्यांना वाटलं माझी फूस आहे.

शाळेचं

शाळेत तोच आजार, फक्त मार्कांच्या रूपात. जर्मन शाळेत मार्क उलटे, 1 म्हणजे सर्वांत भारी, 4 पर्यंत पास, 6 म्हणजे काहीच नाही. आणि बऱ्याच विषयांत अर्धं किंवा त्याहून जास्त वजन वर्गात बोलण्याला, म्युंडलिश. लेखी परीक्षा कितीही चांगली द्या, वर्षभर गप्प बसलात तर वर्गात नव्हतातच असं धरतात. ताईला गणिताच्या लेखी पेपरात 1 मिळाला, अख्ख्या वर्गात दोघांनाच. साहजिक आहे, दहावीचं बीजगणित पाठ करून गेलेली. 31 जानेवारीला सहामाहीचं त्सॉयग्निस, म्हणजे प्रगतीपुस्तक, हातात पडलं त्यात गणित 3. ती सरांकडे गेली, म्हणजे आजींनी पाठवलीच. सरांनी वही काढून दाखवलं, लेखी 1, तोंडी 5. म्हणाले, पाच महिने झाले, तू एकदाही बोट वर केलं नाहीस, तुला येतं हे मला फक्त कागदावरून कळतं.

बोट हे खरंच बोट. तिकडे उत्तर द्यायला हात उभारून पंजा नाही दाखवत, तर्जनी वर करतात. ताईला पहिल्या आठवड्यात वाटलं एवढ्या मुलांना एकदम बाथरूमला कसं जायचंय, आपल्याकडे करंगळी दाखवतात ना. पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. आपल्या वर्गात विचारल्याशिवाय बोलणारा आगाऊ, माहीत असूनही गप्प बसणारा शहाणा. तिच्या साताऱ्याच्या प्रगतीपुस्तकात "शांत व शिस्तप्रिय" असा शेरा होता, तो आई कौतुकाने दाखवायची, त्याच गुणाला तिथे 5 मिळाले.

सरांनी तिला सोपं काम दिलं, दर तासाला दोनदा बोट वर करायचं, उत्तर चुकलं तरी चालेल, मी चुकलेल्यालाही मोजतो. ती आदल्या रात्री दोन वाक्यं लिहून पाठ करायची. "मला ही पायरी कळली नाही" हे एक कायमचं, कुठल्याही विषयात चालतं. पहिल्यांदा बोललेलं वाक्य वर्गात कुणी ऐकलंच नाही, आवाज एवढा बारीक. मार्चपर्यंत बरं झालं. एका तासाला तिने सरांनी फळ्यावर केलेली चिन्हाची चूक दाखवली आणि सर थँक्यू म्हणाले, याचा तिला जो धक्का बसला होता तो मला व्हॉइस नोटमध्ये ऐकू येत होता. जूनच्या निकालात गणित 2. इतिहास 4 च राहिला, तिथे भाषाच पुरत नव्हती, ते सोडून द्या.

मधल्या काळातलं बाकी नेहमीचं. हिवाळा जड गेला, साडेआठ-पावणेनऊला उजाडतं आणि सव्वाचारला अंधार, त्यात पाऊस, त्यात समोरून वारा, ओस्टफ्रिसलँडमध्ये सायकल कुठल्याही दिशेला न्या वारा समोरूनच येतो असं ती शपथेवर सांगते. ग्र्युनकोल नावाची एक हिरवी भाजी थंडीत सगळे सॉसेजबरोबर खातात, आजी तिच्यासाठी ती कांदा आणि ओट घालून वेगळी करायच्या, ताईने त्यात मेतकूट घालून खाल्लं आणि आजींना पण घातलं. आजींनी एकदाच खाल्लं. पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, नको. ताईने आग्रह केला नाही.

पहिल्या घराचं काय? मला वाटत होतं सगळं गोड होईल, तसं काही झालं नाही. ताईने एप्रिलमध्ये त्यांना पत्र लिहिलं, हाताने, माझ्याकडून व्याकरण न तपासता. त्यात चकल्यांचं आणि दिवाळीचं खरं काय ते लिहिलं, एगालचं पण लिहिलं, की मला वाटायचं मी तुमची सोय बघतेय. होस्ट आई निरोपाच्या कार्यक्रमाला आल्या, मिठी मारली, म्हणाल्या, आम्ही पण अजून एकदा विचारायला हवं होतं. होस्ट बाबा आले नाहीत. होस्ट भावाने गाल्लीमार्क्टच्या फिरत्या पाळण्यातला एक फोटो पाठवला मागच्या वर्षीचा, खाली काही लिहिलं नव्हतं.

जून संपताना ती परत आली. साताऱ्यातच अकरावीला प्रवेश घेतला, एक वर्ष धाकट्या मुलांबरोबर. जाण्याआधीच आम्ही कॉलेजात जाऊन विचारून ठेवलं होतं की तिकडचं वर्ष इकडे धरणार नाहीत, त्यामुळे धक्का नव्हता, आजोबांचं तेवढं चालू आहे. पहिल्याच चाचणीनंतर केमिस्ट्रीच्या मॅडमनी आईला बोलावून सांगितलं की मुलगी हुशार आहे पण वर्गात फार प्रश्न विचारते.

मी माझं बदललं ते असं. एगालचं वाक्य फळ्यावरून काढलं, त्याऐवजी शिकवते "मला हे जास्त आवडेल", आणि दोनपैकी एक निवडायचंच, न आवडणारं निवडलं तरी चालेल. पालकांच्या मीटिंगमध्ये चिवड्याला बंदी नाही, पण तो पहिल्याच दिवशी टेबलावर सगळ्यांसमोर उघडायचा. आणि शेवटच्या शनिवारी मुलांना घरी बोलावून आबेंडब्रोट करते, ब्राउन ब्रेड, चीज, काकडी. एकदाच विचारते अजून हवं का. नको म्हणाला की ताट उचलते, अगदी निर्दयपणे. गेल्या बॅचला सातपैकी पाच जण उपाशी घरी गेले, आणि एक कराडचा मुलगा, त्याच्यापाशी मोठ्या भावाने हे गुपित आधीच फोडलं होतं, तो मिसळ खाऊन आला.